सुकटीसोबत गेलेलं पान

वडील गेल्यावर आई कोपर स्टेशनबाहेर सुकी मासळी विकायची आणि रद्दीच्या कागदात बांधून द्यायची. त्या रद्दीत मला बुद्धिबळातल्या एका सोव्हिएत ग्रँडमास्टरच्या गाजलेल्या विजयांचं पुस्तक सापडलं. तोवर निम्मी पानं गिऱ्हाइकांच्या घरी गेलेली. मी रडले, तर आई म्हणाली, "मग सुकट काय लोकांच्या ओंजळीत देऊ?"

उरलेले डाव मी पाठ केले. एका डावाचं मात्र शेवटचं पान गेलेलं. पांढऱ्याने हत्तीचा बळी दिला, इथपर्यंतच मला माहीत.

बारावीला मार्क कमी पडले. ठाण्याच्या कॉलेजात खेळाडूंसाठी एकच जागा उरलेली, ती निवड स्पर्धा जिंकणाऱ्याला मिळणार होती. शेवटच्या फेरीत पांढरी मोहरी माझी होती, मी त्या अपुऱ्या डावाची पाठ असलेली सुरुवात केली, समोरचाही तसाच खेळत गेला आणि पटावर हुबेहूब तोच डाव उभा राहिला. हत्ती द्यावा तर पुढचं ठाऊक नाही, न द्यावा तर माझा राजा वाचत नाही. घड्याळात चार मिनिटं उरली.

"काय गं, झोपलीस काय?" समोरचा मुलगा म्हणाला.

मी हत्ती दिला. पुढची प्रत्येक चाल घाबरत घाबरत स्वतःच शोधली. ग्रँडमास्टर तसाच खेळला होता का, हे मोबाइलवर सापडेल, पण मी अजून शोधलेलं नाही.

घरी सांगितलं, तेव्हा आई म्हणाली, "बघ, उगाच रडलीस त्या पानासाठी."

जागा मला मिळाली. आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट मी आहे.