तीसपर्यंत मोजायचं

वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात मालनबाईंनी बावीस वर्षं पोहण्याचे मास्क तपासले. मास्क काचेवर दाबून टबात धरायचा, मनात तीसपर्यंत मोजायचं, आत थेंब दिसला की माल बाद.

रिटायर झाल्यावर लेक विनिता त्यांना कळव्याहून अंदमानला घेऊन गेली. कमरेएवढ्या समुद्रात गाइडने त्यांच्या तोंडावर मास्क चढवला. बाईंनी डोकं पाण्यात घातलं आणि तीस मोजून वर आल्या.

"माल चोख आहे. एक थेंब आत नाही."

"अगं आई, मासे बघितलेस का?"

बाई वरमल्या. त्यांनी नुसत्या काचेच्या कडा बघितलेल्या.

त्या पुन्हा वाकल्या. सवयीने मोजू लागल्या. सातवर एक पिवळा मासा अगदी काचेशी आला, आणि आठ म्हणायचं राहूनच गेलं.