पेंट शॉपखालचा भुईमूग

आमच्या निघोज्यात भिमाबाईंना पत्ता विचारू नये. पार्सल घेऊन आलेल्या पोराला त्या बिनधास्त सांगतात, "येसकरपट्टीतनं जा, भुईमूग संपला की उजवीकडं." तो बिचारा कंपनीच्या भिंतीपाशी भुईमूग हुडकत फिरतो. माझ्या जन्माआधीच तिथं कंपनीचं पेंट शॉप, म्हणजे रंगकामाचा विभाग, झालंय.

गावच्या वेशीची राखण, म्हणजे येसकरकी, केल्याबद्दल त्यांच्या सासरच्यांना ती पट्टी वतनात मिळालेली. यजमान तेव्हा देहूरोडला कारखान्यात होते. शेत बाईंनीच कसलं.

यंदा कंपनीच्या कॅनडातल्या मालकांनी कळवलं, की नव्या शेडच्या उद्घाटनात जमीन आधी कुणाची होती ते बोलायचं. मी कंपनीतच कामाला, म्हणून कार्यक्रमाचं निवेदन माझ्याकडे आलं. एचआरचे प्रज्वल सर म्हणाले, "बघ, ॲक्च्युअली, आपल्याकडे नारळ असतो, तिकडे हे असतं." त्यांनी लिहून दिलं: 'या भूमीच्या मूळ रहिवाशांना विनम्र अभिवादन.'

मी ते भिमाबाईंना वाचून दाखवलं. त्या मेथी निवडत होत्या.

"आगं, मी जित्ती हाय! फोटूला हार घातल्यावानी काय बोलती? पट्टीचं नाव घे. एकदा माईकवर ऐकू दे मला. न्हाईतर जा, रंगरावला इचार, आमचा बांधाला बांध व्हता."

रंगराव म्हणजे माजी सरपंच. बोलण्याआधी तीनदा खाकरतात. "पोरी, नावं घेतली की तंटे व्हत्यात. 'समस्त ग्रामस्थांची' म्हन. बरं दिसतं."

हा निरोप मी खाकरण्यासकट पोचवला. बाई पोट धरून हसल्या. मग मेथी बाजूला सारली.

"समस्तांची व्हती तर खुरपायला मी एकटीच कशी? आन् हा समस्त दर साली बांध कोरायचा!"

उद्घाटनाला पुढं फेट्यात रंगराव, मागं पांढऱ्या साडीत बाई. मी सरांचा कागद घडी करून ठेवला.

"आपण उभे आहोत ती येसकरपट्टी. भिमाबाईंच्या घराण्याची, त्यांच्या हातानं पिकलेली."

पुढच्या रांगेत कुणीतरी खाकरलं. माझा घसा कुठला ऐकतोय! तोही तसाच खाकरला आणि थेट रंगरावांच्या आवाजात बोलला, "आनि शेजारचा बांध रंगरावांचा, दर साली जरा हिकडं सरकनारा!"

पेंट शॉपच्या पोरांनी शिट्ट्या मारल्या. प्रज्वल सर नारळाकडे बघत राहिले. रंगराव उठले, फेटा सावरला.

"व्हय, कोरला. हातभर."

"दोन हात!" मागून आवाज आला. "आन् पोरी, पट्टीचं नाव परत घे. पंख्याच्या आवाजात नीट ऐकू आलं न्हाई."

मी घेतलं. न खाकरता, माझ्याच आवाजात.