साहेबरावाहून मोठा पियानो

आमच्या दाजींना, म्हणजे थोरल्या बहिणीच्या नवऱ्याला, परतूरमध्ये सगळे तातेराव गुरुजी म्हणतात. शाळेत ते गणित शिकवायचे, पण नाव झालं ते पेटीमुळं. दाजी पेटी वाजवायचे, आमची पुष्पाअक्का गायची, मागं ढोलकीवाला आणि कोरसला दोघं. जयंती असो, बुद्धपौर्णिमा असो, सेलूपासून जालन्यापर्यंत त्यांच्या गायन पार्टीला बोलावणं असायचं. अक्का काळी पाच पट्टीत, म्हणजे पेटीची पाचवी काळी पट्टी ‘सा’ धरून, गायची. ही पट्टी बाईमाणसालाही उंचच पडते. भर मैदानात माइक बंद पडला तरी मागच्या रांगेतल्या म्हाताऱ्याला शब्द न् शब्द कळायचा. लोक तिला ‘काळी पाचची बाई’ म्हणायचे आणि ते ऐकून तिच्यापेक्षा दाजींचीच छाती फुगायची.

माणूस गुणी, पण स्वभाव जळका. मी त्यांचा मेहुणा, तीर्थपुरीत शिलाईचं दुकान चालवतो, माणसाचं माप घ्यायची सवय आहे म्हणून सांगतो. शेजाऱ्याकडं फ्रीज आला तर महिनाभर दाजींना तिथलं गार पाणी कडू लागायचं. तरी ही सगळी किरकोळ जळजळ. खरा वणवा दोन हजार दोन साली पेटला.

त्यांचा धाकटा चुलतभाऊ साहेबराव टेलिफोन ऑफिसात होता. तो बदली होऊन परतूरला आला आणि येताना कीबोर्ड घेऊन आला. आमच्याकडं त्याला सगळे कॅसिओच म्हणतात, मग कंपनी कुठलीही असो. साहेबराव वाजवायचा बेताचंच. पण एक बटण दाबलं की त्यातून ढोलकी वाजायची, दुसरं दाबलं की बासरी. गल्लीतली पोरंटोरं दारात उभी. अक्का एकदा बघायला म्हणून गेली, एक गाणं गाऊन आली. मग दर रविवारी संध्याकाळी जायला लागली. साहेबरावची बायको बेबीनंदा शेजारी बसून भाजी निवडायची, त्यामुळं लोकांनी बोलावं असं काही नव्हतं. पण जळायला दाजींना लोकांची मदत लागत नसे.

“ते काय वाजवनं हाय व्हय? बटन दाबनं हाय,” असं ते मला दर भेटीत ऐकवायचे. साहेबरावच्या दारावरून जायला नको म्हणून बाजाराला लांबच्या रस्त्यानं जायचे आणि मग ऐकू येईना म्हणून परत जवळच्या रस्त्यानं यायचे. घरी पेटी काढली की अक्का म्हणायची, आज नको. हे ‘आज नको’ त्यांच्या काळजाला घरं पाडायचं. वीस वर्षं जी बाई आपल्या पेटीशिवाय तोंड उघडत नव्हती, ती आता रविवारी केसांना तेल लावून दुसऱ्याच्या घरी गायला जाते. मी त्यांच्या जागी असतो तर मीही जळलो असतो.

एक दिवस त्यांचा निरोप आला, औरंगाबादला चल. गाडीत बसल्यावर म्हणाले, “पियानो घ्यायचाय. कॅसिओ न्हाई. पियानो.”

दुकानदार भला होता. त्यानं दोन वाद्यं शेजारी शेजारी ठेवून नीट समजावलं. एक कीबोर्ड, साहेबरावच्यासारखाच पण नवा. हलक्या पट्ट्या, शंभर तऱ्हेचे आवाज, ताल आपोआप, काखेत मारून नेता येईल, लाइट गेली तर सेलवर चालेल. दुसरा डिजिटल पियानो. पट्ट्या जड, खऱ्या पियानोसारख्या, बोटाचा जोर तसा आवाज लहानमोठा, पायाखाली पेडल, हेडफोन लावला तर घरच्यांना त्रास नाही. पण लाइटशिवाय बंद, आणि त्याचा सूर एकदा वाजला की विरत जातो, पेटीसारखा टिकून राहत नाही. “गाण्याच्या साथीला घेणार असाल तर कीबोर्ड बरा,” तो म्हणाला. “घरी कुणी पियानोच शिकणार असेल तर हा.”

दाजींनी यातलं किती ऐकलं कोण जाणे. त्यांनी एकच विचारलं, “पाच सप्तकाहून मोठा कोनता?”

साहेबरावचा पाच सप्तकांचा होता. डिजिटल पियानो सातांच्या वर होता. झालं, व्यवहार ठरला. मी हळूच म्हणालो, “दाजी, जरा वाजवून तरी बघा.” तर म्हणाले, “घरी वाजवायलाच नेऊन राह्यलोय ना?”

टेम्पोतून पियानो उतरला तेव्हा आख्खी गल्ली जमली. दाजी मुद्दाम सावकाश दोऱ्या सोडत होते. इतक्यात साहेबराव धावत आला, स्वतःच एक टोक धरलं आणि घाम गाळत तो बोजा आत नेऊन ठेवला. वर म्हणतो, “दादा, लई भारी काम केलं बघा. माझं तर याच्यापुढं खेळनं हाय.” मनापासून खूश होता बिचारा. साहेबराव जळला नाही, हे दाजींना सगळ्यात जास्त झोंबलं.

पुढं पियानोनं त्यांचा छळ मांडला. पेटीवर त्यांची बोटं नुसती फिरायची, जोर द्यायचा तो भात्यानं. इथं बोटं फिरली की आवाज कुजबुजल्यासारखा निघे. डावा हात सवयीनं भाता शोधायचा आणि तो नसल्यानं मांडीवर थापा मारत बसायचा. पट्टी दाबून धरली तरी सूर हातातून निसटायचा. त्यात भारनियमन. संध्याकाळी लाइट गेली की पियानो म्हणजे नुसतं टेबल, आणि चार घरं सोडून साहेबरावचा कीबोर्ड सेलवर मजेत चालू. त्या अंधारात अक्काचा आवाज गल्लीभर यायचा. दाजी ओट्यावर बसून ऐकायचे आणि डास मारायचे.

शेवटी एका सकाळी त्यांनी अक्काला पियानोपाशी बसवलंच. काळी पाच धरली. अक्का ध्रुवपद नीट म्हणाली, अंतऱ्यात वर गेली आणि मध्येच थांबली. मी तिथंच होतो.

“गा की,” दाजी म्हणाले.

“न्हाई जमत.”

“साहेबरावकडं बरं जमतं.”

अक्का शांतपणे म्हणाली, “तिथं मी काळी तीनात गाते.”

दाजींचा चेहरा असा झाला की जणू तिनं दुसरं लग्न केल्याचं सांगितलं. “दोन काळ्या खाली?”

“आवो, वय झालं माझं. काळी पाचात गळ्याची शीर तुटती का काय असं व्हतं. तुमाला सांगितलं व्हतं ना मी. तुमी म्हनले, पट्टी उतरवली तर लोक म्हनतील बाई संपली.”

दाजींच्या डोक्यात काय शिरलं ते मला दिसत होतं. त्यांना वाटलं, रोग सापडला. साहेबरावचं सगळं भांडवल म्हणजे काळी तीन. त्यांच्या पियानोलाही पट्टी बदलायचं बटण होतं, साहेबराव तेच दाबायचा. दाजींनी ते दाबलं नाही. त्यांना बटणावर जिंकायचं नव्हतं. हेडफोन लावून ते काळी तीनात एकेक गाणं नव्यानं बसवायला लागले. बाहेरून बघणाऱ्याला नुसता पट्ट्यांचा टकटक आवाज आणि मान डोलावणारे गुरुजी. सूर टिकावा म्हणून त्यातलाच ऑर्गनचा आवाज शोधून काढला. हट्टी माणूस, सगळं बिलकुल बराबर बसवलं.

दिवाळीच्या सुट्टीत मी गेलो तेव्हा त्यांनी हेडफोन काढून ठेवला आणि अक्काला हाक मारली. काळी तीन दिली. अक्का बसली आणि गायली. किती वर्षांनी तिचा आवाज मोकळा ऐकला मी. अंतऱ्यात ती चढली ती कुठंही न अडखळता, आणि दाजी तिच्या मागोमाग, एक पट्टी चुकली नाही. मला वाटलं, सुटला एकदाचा हा माणूस.

गाणं संपलं. दाजींनी घाम पुसला आणि विचारलं, “साहेबरावपेक्षा बरं वाजलं का न्हाई?”

“बरं वाजलं,” अक्का म्हणाली. “पन साहेबराव भावजी असं कधी इचारत न्हाईत.”

“मंग काय इचारतो तो?”

अक्का उठली. चहा टाकायला आत जाता जाता म्हणाली, “वहिनी, घसा दुखला का, एवढंच.”