मनगटातला पाहुणा

चाळीस वर्षं कोट शिवणारे मास्तर माणसाच्या तोंडाकडे नंतर बघत, आधी खांद्यांकडे. मूत्रपिंडं निकामी झाल्याचं डॉक्टर सांगत होते, तेव्हाही यांचं लक्ष खांद्यांवरच. घरी येऊन बायकोला म्हणाले, "डॉक्टरांचा डावा खांदा उतरलाय, आणि कोट सरळ शिवलाय." आजाराचं तिला दोन दिवसांनी कळलं. अवघड गोष्ट उद्यावर ढकलायची, ही मास्तरांची जुनी खोड.

यंत्रावर रक्त धुवायला सुरुवातीला मानेत नळी घातली. दीड महिन्यात तिथून जंतू शिरले, हुडहुडी भरली आणि मास्तर मरता मरता वाचले. मग डॉक्टरांनी डाव्या मनगटात धमनी आणि शीर एकमेकींना जोडून दिली. याला फिस्टुला म्हणतात. "म्हणजे शिवणच की," मास्तर म्हणाले. शीर फुगली आणि कातडीखाली भुंग्यासारखी गुणगुणू लागली. गुणगुण आहे तोवर रक्त वाहतंय. त्या हातावर घट्ट काही बांधायचं नाही, आणि गुणगुण थांबली तर त्याच क्षणी निघायचं. उशीर झाला की पुन्हा मानेतली नळी. तिच्या नुसत्या आठवणीनं मास्तरांना घाम फुटे.

सिस्टरनं रोज बोटांनी तपासायला सांगितलं होतं. पण सुया टोचून टोचून मास्तरांची बोटं निबर झालेली, त्यांना काही कळेना. म्हणून ते काम बायकोच्या कानाकडे आलं. जेवणाआधी ती त्यांच्या मनगटावर कान टेकवायची.

"आहे का गं?"

"आहे."

मग ताटं वाढायची. हळूहळू ती त्याला पाहुणा म्हणू लागली. पुढे पुढे कान लावून बराच वेळ बसायची. मधेच मान हलवायची, कुणाचं तरी ऐकून घेतल्यासारखी.

"काय म्हणतो पाहुणा?" मास्तरांनी एकदा चेष्टेनं विचारलं.

"तुम्हाला सांगू नको म्हणतो," ती म्हणाली. ती हसली नाही. मास्तरांना ते आवडलं नाही, पण ताट समोर आलं होतं.

एके दिवशी एका वकिलांचा कोट घाईचा होता. टाचण्यांची उशी मास्तर जन्मभर डाव्या मनगटावर बांधत. आजारपणात ती उजव्या हातावर गेली होती. त्या दिवशी बाह्या जोडण्याच्या नादात हातांनी आपली जुनीच सवय गाठली. तीन तासांनी त्यांचं लक्ष गेलं, तेव्हा उशीचा इलॅस्टिकचा पट्टा मांसात रुतला होता. पट्टा सोडून ते तडक मागच्या खोलीत गेले.

"अगं, जरा ऐक बघू."

तिनं कान टेकवला. "आहे की."

"नीट ऐक."

"अहो, आहे. आज तर मोठ्यानं बोलतोय."

मास्तरांचा जीव भांड्यात पडला. उशीचं त्यांनी सांगितलं नाही. उगीच बोलणी कशाला खायची.

दुसऱ्या दिवशी यंत्राला जोडण्याआधी सिस्टरनं मनगट चाचपलं, स्टेथोस्कोप लावून ऐकलं आणि डॉक्टरांना बोलावलं. डॉक्टर म्हणाले, "काका, हे कालच बंद पडलंय. कुणाच्या लक्षात कसं आलं नाही?" गुठळी काढून पाहिली, पण शीर काही पुन्हा चालू झाली नाही. मानेत नळी आली. डाव्या हातात दुसरी धड शीर नव्हती, म्हणून नवा फिस्टुला कात्री धरायच्या हातात, उजवीकडे केला. तो तयार होईपर्यंत दोन महिने मास्तर जीव मुठीत धरून राहिले.

बायको मात्र रोज त्या बंद मनगटावरच कान टेकवत राहिली. "आहे," म्हणायची आणि ताटं वाढायची. मास्तर तिला थांबवू शकले असते. पण मग उशीचं सांगावं लागलं असतं, आणि ते त्यांनी डॉक्टरांनाही सांगितलं नव्हतं.

उजवा हात तयार झाला. सिस्टर म्हणाली, झकास चाललंय. मानेतली नळी निघाली. त्या दुपारी मास्तरांनी हौसेनं उजवं मनगट बायकोपुढे धरलं. तिनं बराच वेळ ऐकलं.

"इथे कुणी नाही हो," ती म्हणाली.

मग तिनं त्यांचा डावा हात ओढून घेतला, कान टेकवला आणि मान हलवली.

"इथेच आहे. विचारतोय, त्या दिवशी उशी बांधली होतीत, ते हिला का नाही सांगितलंत?"

मास्तरांनी हात काढून घ्यायला पाहिलं. तिनं तो सोडला नाही.