समुद्रकाठचा हौद

मी पाण्याच्या टाक्या विकतो. क्रांती चौकाजवळ दुकान आहे. काळ्या टाक्या, पांढऱ्या टाक्या, पाइप, मोटारी, कॉक, सगळं. सिल्लोडहून या शहरात आलो तेव्हा माझ्याकडं एक पाना आणि मागून आणलेली सायकल होती. आज दोन दुकानं आहेत आणि त्यात माझ्या अकलेचा वाटा मोठा आहे. तो मी कुणाला कमी करू देत नाही. पण खरं सांगायचं तर उरलेला वाटा आमच्या नळाचा आहे. नळाला कधी पाणी येईल याची वाट बघत जिथं गल्लीच्या गल्ल्या जागतात, तिथं टाक्या विकणारा उपाशी मरत नाही. आमच्याकडं माणूस घर बांधायला काढतो तेव्हा आधी हौद कुठं ते ठरतं, मग देवघर, मग बाकीच्या खोल्या.

असा मी समुद्रकाठी घर बांधायला गेलो. लोकांना सांगितलं, गुंतवणूक आहे. सीएला तेच सांगितलं, शेजारच्या रंगवाल्या दुकानदारालाही तेच. कोकणात जागांचे भाव चढतायत, सुट्टीत घर भाड्यानं द्यायचं, वर नारळ फुकट. यातलं काहीच खोटं नव्हतं. पण माझं घर उभं राहिलं ते साडूच्या एका वाक्यावर.

साडू म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. राहायला पुण्यात, नोकरी मोठ्या कंपनीत, बोलणं असं की समोरच्याला आपण आंघोळ न करता आलोय असं वाटावं. त्यांनी मालवणच्या अलीकडं उतरत्या लाल छपराचं घर बांधलं आणि एका मे महिन्यात दोन्हीकडच्या नातेवाइकांना बोलावलं. आम्हीही गेलो. माझ्या बायकोनं तोवर समुद्र फक्त टीव्हीवर बघितला होता. संध्याकाळी पोचलो तर ती चपला हातात घेऊन पाण्याच्या रेषेवर उभी राहिली आणि जेवायला हाका मारल्या तरी येईना.

दुसऱ्या दिवशी पहाटे ती उठली, स्वयंपाकघरात गेली, नळ सोडून बघितला, पाणी आलं. आणि मग तिच्या हातांनी जे वीस वर्षं केलं तेच केलं. बादल्या भरल्या, पातेली भरली, कळशी भरली, आइस्क्रीमचे रिकामे डबे भरले. दारात शोभेला तांब्याचं घंगाळ होतं, तळाशी थोडं पाणी आणि वर गुलाबाच्या पाकळ्या. तिनं पाकळ्या काढून ताटलीत ठेवल्या आणि घंगाळ काठोकाठ भरलं.

सगळे चहाला जमले तेव्हा साडूंनी ती भरलेली भांडी बघितली. आधी हसले. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "अगं, हा नळ आहे. पळून नाही जाणार."

सगळी खोली हसली. बायकोही हसली, पण कानापर्यंत लाल झाली. नंतर तिनं एकेक पातेलं बाहेर नेऊन झाडांना रिकामं केलं आणि पाकळ्या मोजल्यासारख्या परत घंगाळात सोडल्या. त्या दिवसापासून बहिणीनं समुद्रावर बोलावलं की तिचे गुडघे दुखायचे. पुण्याला जाताना दुखायचे नाहीत. फक्त समुद्र म्हटलं की दुखायचे.

मी त्या वाक्याचं उत्तर तिथंच द्यायला हवं होतं. मी रागीट माणूस आहे, गिऱ्हाइकाला झाकणासकट टाकी परत न्यायला लावलेली आहे. पण तेव्हा तोंडात साडूंच्याच घरचं घावन होतं. ते गिळेपर्यंत विषय आंब्यांवर गेला. ती गोष्ट मला आजतागायत टोचते.

तर जागा घेतली. साडूंच्या घरापासून दोन गावं पलीकडं, माडांची बाग, बांध ओलांडला की वाळू. किनाऱ्यापासून किती आत बांधायचं याचे नियम वकिलाकडून समजून घेतले आणि बांधायला गावातलाच एक ठेकेदार गाठला. गाठला म्हणजे काय, तो कट्ट्यावर बसला होता आणि मी त्याच्यासमोर बसलो. त्यानं एक आकडा सांगितला. मी हसलो. आमच्याकडं पहिल्या आकड्याला हसायचं असतं. तो समुद्राकडं बघायला लागला. मी निम्म्यावर आलो, तो बघतच राहिला. मग मी उठलो, पायजमा झटकला, गाडीपर्यंत गेलो. आमच्याकडं माणूस गाडीपर्यंत गेला की मागून हाक येते. हाक नाही आली. मी गाडीला एक फेरी मारली, चाकावर लाथ मारली, हवा बघतोय असं केलं. हाक नाही. शेवटी चष्मा विसरलो म्हणून परत आलो. चष्मा माझ्या नाकावर होता.

ठेकेदार म्हणाला, "बसा, शेट. च्या घेवया."

आयुष्यात पहिल्यांदा मी सांगितलेल्या आकड्याला माल घेतला, आणि त्या चिडीत मी त्याच्याकडून एक गोष्ट कबूल करून घेतली. या घराखाली हौद होणार. साधा नाही. सगळं सासर, सगळं माहेर महिनाभर राहिलं, सकाळ-संध्याकाळ आंघोळी केल्या, तरी पुरून उरेल असा. माझी बायको या घरात कुणाच्या नळाकडं बघणार नाही.

तो म्हणाला, हय पाणी असता, टाकी कित्याक होयी? मी म्हणालो, टाकीतलं मला शिकवू नका, मी टाक्याच विकतो. मग तो हसला आणि म्हणाला, "खणा, शेट. तुमची जागा, तुमचो खड्डो."

खणायला मी स्वतः उभा राहिलो. दिवाळी नुकतीच झाली होती. माझ्या अंदाजानं दोन-तीन दिवसांचं काम होतं. आमच्याकडं माणसं डोकं फुटेस्तोवर खडक फोडतात, बोअरचं मशीन दिवसभर धूळ ओकतं, आणि ओली माती वर आली तरी गल्ली नारळ फोडते. इथं जेवणाच्या सुट्टीपर्यंत खड्डा कमरेइतका झाला आणि वाळू काळी पडली. मी म्हटलं, कुणी पाणी सांडलं? खणणाऱ्यांनी आणखी चार घमेली काढली आणि खड्ड्याच्या चारी अंगांनी पाणी यायला लागलं. गाजावाजा नाही, आवाज नाही. घरातली बाई आतून चहा घेऊन यावी तसं आलं.

मला वाटलं, समुद्र आला. खारं पाणी हौदाच्या जागी लागलं तर घराचं काय होणार या विचारानं माझं डोकं तापलं, आणि मी सगळ्यांवर ओरडत नव्या बुटांसकट खड्ड्यात उतरलो. ओंजळ भरली. चाखलं.

गोड. माठातल्यासारखं गोड.

समुद्र समोर दिसतोय, लाटेचा आवाज येतोय, आणि मी गुडघाभर गोड्या पाण्यात उभा. मी आणखी एक ओंजळ प्यालो. मग तिसरी. मला हसू यायला लागलं आणि थांबेना. ठेकेदार काठावरून म्हणाला, "पाणी गोड असा मां?" मी हात जोडले आणि हसत राहिलो. मजुरांना वाटलं, शेटला उन्हाचं काहीतरी झालं.

हौद बांधायचा तर खड्डा कोरडा हवा, म्हणून पंप लावला. दिवसभर पाणी उपसलं, बागेत सोडलं. सकाळी खड्डा परत तेवढाच भरलेला. मी बायकोला फोन लावून ते दाखवलं. पंपाच्या तोंडातून जाड धार माडांच्या आळ्यात पडतेय. तिनं फोन डोळ्यांजवळ नेला.

मग हळूच म्हणाली, "अहो, पाणी फेकून देताय? कुणी बघत नाही ना तिकडं?"

म्हटलं, सगळे बघतायत. ती म्हणाली, "मग गप बंद करा अन् घरी या. लोक काय म्हणतील?"

तीन दिवसांनी मी हरलो. इतक्या आनंदानं मी आयुष्यात कधी हरलो नाही. हौद रद्द केला. त्याच खड्ड्याला जांभ्या दगडाच्या चिऱ्यांनी बांधून घेतलं, एका बाजूनं पायऱ्या सोडल्या, आणि हौदाची झाली चौकोनी विहीर, पोहता येईल एवढी. छपरावर टाकी किती मोठी घालू म्हणून विचारलं तर ठेकेदार म्हणाला, "एक बारकी बस झाली." आणि मी, दोन दुकानांचा मालक, गोदामात टाक्यांची चळत असलेला माणूस, त्याचं ऐकलं. डोक्यात पाणी गेलं होतं, दुसरं काय.

वास्तुशांतीला सगळ्यांना बोलावलं. साडूंना दोनदा. ते सपत्नीक आले, घरभर फिरले. उतार बघितला, चिरे बघितले, विहिरीत डोकावले, आणि म्हणाले, छान आहे, फक्त खिडक्या जरा मोठ्या हव्या होत्या. मी म्हणालो, आमच्या खिडक्या उन्हाच्या हिशोबानं असतात. पण मनात म्हटलं, थांबा जरा.

थांबायला फार लागलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी वाऱ्यानं कुठंतरी तारेवर झावळी पडली आणि वीज गेली. मोटार बंद. छपरावरची ती बारकी टाकी वीसएक माणसांच्या तोंड धुण्यातच संपली. नळ फुस्स करून थांबला. आणि आंघोळघरातून साडूंचा आवाज आला. आधी हळू, मग मोठा. डोक्याला शांपू, अंगाला साबण, आणि शॉवर कोरडा.

विहिरीला अजून रहाट नव्हता, पायऱ्या उतरून पाणी आणायला बादली हवी होती. मी स्वयंपाकघरात गेलो आणि तिथंच थांबलो. ओट्याखाली, कोपऱ्यात, दारामागं, टेबलाखाली भरलेली भांडी. बादल्या, पातेली, कळशी, आइस्क्रीमचे डबे. बायकोनं पहाटे उठून सगळं भरून ठेवलं होतं आणि वर ताटं झाकली होती, कुणाला दिसू नये म्हणून. स्वतःच्या घरात तिनं ती लपवली होती.

मी एक बादली उचलली आणि आंघोळघराच्या दाराशी गेलो. नातेवाईक जमले होते. अशी संधी माणसाला दोनदा मिळत नाही.

म्हणालो, "साडूसाहेब, पाणी आहे. बादली भरून आहे. पण आधी ते त्या मे महिन्यातलं वाक्य परत घ्या."

आतून विचारलं, कुठलं वाक्य. म्हणालो, नळाचं. मग म्हणाले, अहो, ते चेष्टेत बोललो होतो. ही पहिली बोली होती. पहिल्या बोलीला मी टाकीचं झाकणसुद्धा देत नाही. मी ठेकेदारासारखा समुद्राकडं बघत राहिलो.

"साडू, डोळे चुरचुरतायत."

"चुरचुरू द्या. आमचेबी तवापासून चुरचुरतायत."

"बरं, चुकलं असेल माझं."

"त्यातलं 'असेल' काढा."

सौदा अगदी तुटायच्या टोकावर आला होता. आणखी एका घटकेत माणूस उतरला असता, मला या गोष्टीतलं कळतं. तेवढ्यात बायको आली. मला म्हणाली, "सरका." माझ्या हातातली बादली घेतली, दारावर दोन टिचक्या मारल्या.

"दाजी, हात बाहेर काढा. नळ पळालाय. हे घ्या."

दाराची फट झाली, फेसाळलेला हात आला, बादली आत गेली. मग आतूनच हसू आलं, साडूंचं, पाणी ओततानाचं, गुळण्यांसारखं. मग तिची बहीण फुटली, मग सगळी ओसरी. माझी बायको पोटावर हात धरून खाली बसली आणि इतकी हसली की तिला डोळे पुसायला पदर पुरेना. त्यानंतर ती आत गेली आणि सगळ्या भांड्यांवरची ताटं काढून टाकली. ज्याला लागेल त्यानं घ्यावं म्हणून भांडी ओळीनं ओसरीवर मांडली.

दुपारी सगळे विहिरीत होतो. बायको साडीसकट पायऱ्यांवरून उतरली, गळ्यापर्यंत पाण्यात, बहिणीच्या हाताला धरून. गुडघे दुखल्याचं काही बोलली नाही. साडू बाजूला तरंगत होते. वीज आली, मोटार आपोआप सुरू झाली, आणि थोड्या वेळानं छपरावरची टाकी भरून भळाभळा वाहायला लागली. वरच्या पायरीवर बसलेला मी सवयीनं उठलो. वाहत्या टाकीखाली बसून राहणं माझ्या धंद्यात बसत नाही.

"बसा हो," ती पाण्यातून म्हणाली. "वाहू द्या."

मी बसलो. मग साडूंकडं वळून म्हणालो, ते 'असेल' अजून राहिलंय. ते म्हणाले, वीज गेली की बघू. आता माझ्या त्या घराला मोठी टाकी बसवलीय, आमच्याच दुकानातून नेऊन; वीज गेली तरी नळ थांबत नाही. बायको म्हणते, कशाला बसवली, बिचाऱ्या दाजींचं वाक्य तेवढं राहून गेलं.