विमानात न मावणारे पाय

सैनिकी अकादमीच्या कुंपणापाशी आज सकाळी सहज थांबलो. आत कॅडेट व्हॉलीबॉल खेळत होते. त्यातल्या एका उंच मुलाने उडी मारून चेंडू हाणला आणि मला आमचा सामना आठवला.

कॉलेजात असताना आम्ही याच मैदानावर अकादमीच्या संघाला हरवलं होतं. त्यांच्या एका अधिकाऱ्याने माझी पाठ थोपटली. "आमच्याकडे ये," म्हणाले. मला तर लढाऊ विमानच चालवायचं होतं. आमच्या व्हॉलीबॉलच्या सरांना ते ठाऊक होतं. ते नेहमी म्हणायचे, "बारला लटक, उंची वाढव. त्यांना उंच पोरंच लागतात." तळहातांना घट्टे पडेपर्यंत मी लटकायचो.

पुढे वैद्यकीय तपासणीत डॉक्टरांनी मला भिंतीला टेकवून बसवलं, माझे पाय मोजले आणि नकारार्थी मान हलवली. एवढे लांब पाय विमानाच्या खुर्चीत मावत नाहीत, म्हणाले.

मी तडक सरांकडे गेलो. ते मैदानावर जाळं गुंडाळत होते.

"सर, हा नियम तुम्हाला माहीत होता?"

"होता," ते म्हणाले. "पण आधी सांगितलं असतं, तर तू उंची वाढवून कॉलेजकडून खेळला असतास का?"

"खेळलो असतो, सर."

ते जाळं गुंडाळत राहिले.

नियमावर मी कधी रागावलो नाही. विमानातली खुर्ची आपल्यासाठी थोडीच मोठी होणार! पण मी खरंच खेळलो असतो. मला फसवायची गरजच नव्हती, हे मात्र अजून सलतं.