उसाच्या रानात बुटकी शेवंती

नर्सरीत रोपांना खत घालावं लागतं, पाणी द्यावं लागतं. किस्से मात्र आपोआप उगवतात! सणसरच्या आबांकडं मी रोपांसाठी मातीच्या पिशव्या भरायला जाते, तर रोज घरी जाताना एखादा किस्सा पदराला लागलेलाच असतो.

आधी आबांचं सांगते. जन्मभर ऊस केला आणि म्हातारपणी घरापुढचा अर्धा एकर ऊस मोडून बुटक्या फुलझाडांची नर्सरी टाकली. शेवंती, मिनी जास्वंद, एक्झोरा. सगळं गुडघ्याच्या आत! काकूंना, म्हणजे आबांच्या बायकोला, हे बिलकूल पटलं नाही. "दिवाळीपतूर बघती. मग हितं परत ऊस!" आबांचा चेहरा एवढासा झाला. मला तर फार वाईट वाटलं.

*

निरवांगीचे एक पाव्हणे आले. जास्वंद हातात घेऊन म्हणाले, "ही किती वाढती?"

"गुडघ्याएवढी. बास."

"वाढत न्हाय, तर पैसे कशाचे घेता?"

काकू ओट्यावर शेंगा फोडत होत्या. त्या पहिल्यांदा हसल्या, ते असं!

*

तरी त्या पाव्हण्यांनी दोन जास्वंदी नेल्या. उसाच्या हातानं युरिया टाकला, पाटानं पाणी सोडलं. पुढं फोटो दाखवायला आले. पानं ही तळहाताएवढी, फूल एक नाही.

आबा म्हणाले, "अहो, उपाशी ठेवा की जरा तिला!"

तर पाव्हणे म्हणतात, "फूल न्हाय, पण टनेज बघा की आबा!"

*

बहर सरला तसा आबांनी विळा घेतला आणि दारापुढची शेवंतीची अख्खी ओळ जमिनीलगत छाटली. मी ओरडलेच. काकू म्हणाल्या, "सुटलो एकदाचं!"

"खोडवा हाय गं," आबा म्हणाले. "ऊस तोडल्यावर फुटतो, तशी हीबी फुटंल."

"खोडव्याला उतारा कमी पडतो," एवढं बोलून काकू आत गेल्या. आबा मात्र रोज सकाळी चहाचा कप घेऊन त्या बुडख्यांपाशी बसायचे.

*

शेवंती फुटली. अशी दाट फुटली, की दिवाळीच्या तोंडावर माती दिसेना! सगळी पिवळीधमक. काकू येता-जाता बघायच्या आणि आत जायच्या. दिवाळीची मुदत जवळ आलेली, आबांचा जीव टांगणीला.

त्यात बारामतीच्या एक मॅडम गाडी घेऊन आल्या. "बंगल्याची वास्तुशांत आहे. ही ओळच मातीसकट काढून द्या. म्हणाल ती किंमत!"

आबांनी कुदळ उचलली. तेवढ्यात काकू पिठाच्या हातानं बाहेर आल्या आणि ओळीपुढं उभ्या राहिल्या.

"ही इकायची न्हाय."

"अगं, नर्सरी हाय आपली!" आबा म्हणाले.

"नर्सरी तिकडं. हितं माझं दार हाय."

मॅडम हिरमुसल्या. "मग मी काय नेऊ हो काकू?"

काकूंनी घरामागं हात केला.

"मागं ऊस हाय बघा. पायजे तेवढा न्या!"